बरणीत नाक घालणाऱ्या सिस्टर

सिस्टर बरणी विकत घ्यायच्या आधी तिच्यात नाक घालायच्या. नुसतं टोक नाही, अख्खं नाक, चष्म्यासकट. भांडी बाजारातल्या गर्दीत दुकानाच्या पायरीवर बसायचं, चिनीमातीची बरणी मांडीवर घ्यायची आणि आत तोंड घालून बराच वेळ गप्प राहायचं. तुम्हीही कधी तिथून जाताना पाहिलं असेल आणि म्हातारीला चक्कर आली की काय, असं वाटून थबकला असाल.

"कसलाच वास यायला नको," त्या तोंड बाहेर काढून म्हणायच्या. "आला की ठेव खाली."

त्या आमच्या शेजारी राहायच्या. सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झालेली, त्यामुळे गल्लीतल्या लहानथोरांच्या त्या सिस्टरच. नाताळच्या सकाळी आमच्या गल्लीत घरोघरी केक यायचा आणि केकबरोबर खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून काळ्या द्राक्षांची वाईन. बाटलीच्या अंगावर मात्रेच्या खुणा तशाच असायच्या. एका वेळी दोन खुणा, त्याच्या वर नाही, अशी सिस्टरांची सक्त ताकीद. मी ती कधीच पाळली नाही.

मग त्यांचे हात कापायला लागले. एका नाताळला बाटली देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती हलत होती. माझं लक्ष गेलेलं त्यांना कळलं.

"पुढच्या खेपेला माझ्याने बरणी उचलायची नाही," त्या म्हणाल्या. "तू कर."

"मी? सिस्टर, मला साधा चहा जमत नाही. आमच्या हिला विचारा."

"गल्लीत सगळ्यात आधी तुझी बाटली रिकामी होते. ज्याला आवडते त्यानेच करावी." मग म्हणाल्या, "माझ्या मागे बंद पडायला नको रे."

मी सातपूरला कारखान्यात फिटर होतो. आता घरी बसलेला माणूस, हाताला काम नाही म्हणून आधीच चिडचिडलेला. मी हे काम अंगावर घेतलं ते फिटरसारखंच. मोबाईलवर शोधून शोधून घरी वाईन करायचं सगळं सामान एकाच ठिकाणी मिळणारा संच काढला. त्यात काचेचा मोठा बुधला, नळ्या, झडप, मोजमापाची कांडी. छाती फुगवून मोबाईलवरच सिस्टरांना दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "नळ्या दिसल्या की सातपूरची माणसं खूश. तुला हे कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं का?"

"कोणी? मोबाईलने?"

"विकणाऱ्याने. नवख्या माणसाने एवढंच बघायचं. जो कशाला पाहिजे म्हणून विचारतो, त्याच्याकडून घ्यायचं. जो विचारत नाही त्याला माल खपवायचा असतो."

मला हे काही पटलं नाही. संच मागवायचा राहिला, पण बाजारात हिंडायचाही कंटाळा. घरात आईची लोणच्याची बरणी होती, भली थोरली. चार वेळा गरम पाण्याने घासली, उन्हात ठेवली आणि सिस्टरांना न सांगता तिच्यातच द्राक्षं घातली. आपल्याकडे बरणी म्हटली की ती सगळ्याला चालते, अशी आपली समजूत. पंधरवड्यानंतर मोठ्या थाटात त्यांना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं, नाक आत घातलं, आणि तसंच आतून आवाज आला, "आता पोळी वाढ."

हिंग, मोहरी, कैरी, सगळं हजर होतं. माझी बायको हसून हसून ओट्याला टेकली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फक्त पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलाव."

ती दुपार मला अजून तशीच्या तशी आठवते. पहिल्या दुकानात माणूस म्हणाला, "घ्या मावशी, एक नंबर माल." सिस्टर पायरी उतरल्या. दुसऱ्यानेही तेच. मला ऊन लागत होतं, मी वैतागलो होतो. तिसऱ्या दुकानातला म्हातारा गादीवरून न उठता म्हणाला, "कशाला पाहिजे? लोणच्याला का?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला सांगितलं.

"मग ही नको," त्याने समोरची बरणी बाजूला सारली. "हिला आतून बारीक चीर हे. लोणच्याला चालून जाईल, रस झिरपेल." आणि आतून दुसरी आणली. सिस्टर पायरीवर बसल्या आणि त्यांनी बरणीत नाक घातलं. नंतर बरणी माझ्या पुढ्यात धरली. "घाल."

"मी? इथे?"

"नाक तुझं वापरायचंय आता, माझं नाही."

भर बाजारात मी बरणीत तोंड घातलं. आत थंड होतं आणि गर्दीचा आवाज एकदम लांब गेला.

यीस्ट घ्यायला त्यांनी मला ओळखीच्या बेकरीत नेलं. "पाव करताय?" बेकरीवाल्याने विचारलं. वाईन म्हटल्यावर म्हणाला, "मग अख्खं पाकीट काय करता? चमचाभर पुरे," आणि कागदाच्या पुडीत बांधून दिलं. सिस्टर वाटभर त्या पुडीकडे बघून मान डोलवत होत्या. द्राक्षं सायखेड्याला माझ्या चुलतभावाने त्याच्या बागेतली दिली. त्यानेही विचारलंच. सांगितल्यावर म्हणाला, "मग हे नको नेऊ, फवारणी ताजी हे. त्या कडंचे ने, लय गोड हायेत."

बरणी भरली, वरून मांजरपाटाचं फडकं बांधलं. सिस्टर रोज संध्याकाळी यायच्या आणि कान लावून ऐकायच्या. आत बुडबुडे फुटायला लागले तेव्हा म्हणाल्या, "बोलायला लागली." पुढे रस गाळला, गाळ काढला, बरणी कोपऱ्यात अंधारात ठेवली. त्यांची पसंतीची पावती एकच असायची, एका शब्दाची. इंजेक्शन नीट बसलं तरी, केक नीट फुगला तरी, "जमलं." त्यापुढे नाही, त्यामागे नाही. तो शब्द मला हवा होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पाठ थोपटावी म्हणून मी कधी तळमळलो नाही, पण या एका शब्दासाठी लहान मुलासारखा वाट बघत होतो.

पावसाळ्यात सिस्टर घरात पडल्या. खुबा मोडला. नागपूरहून मुलगी आली आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. निघायच्या सकाळी गाडी दाराशी उभी असताना त्या खुर्चीवरून म्हणाल्या, "बरणी आण."

मी आणली. त्यांच्या मांडीजवळ धरली. त्यांनी नाक घातलं. त्या दिवशी फार वेळ घातलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, चमचाभर चाखून तरी बघा."

"कच्चं चाखून तुझ्याशी खोटं बोलू का? नाताळला येते. तोवर हात लावू नकोस."

मी हात लावला नाही. बायको म्हणायची, अहो, जरा बघा तरी. मी बघितलं नाही. आणि नाताळ तोंडावर आला असताना मुलीचा फोन आला. सिस्टर झोपेतच गेल्या होत्या.

नाताळच्या सकाळी मी झाकण काढलं. त्यांच्या घरातून आणलेल्या औषधाच्या बाटल्या भरल्या आणि गल्लीत दिल्या. दोन खुणा, त्याच्या वर नाही, हेही सांगितलं. लोकांना आवडली. कोणी म्हणालं फस्क्लास, कोणी म्हणालं अगदी सिस्टरांसारखी. बायकोने चक्क दुसऱ्यांदा मागितली. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहिलो. मला सिस्टर हव्या होत्या. दुसरं काही नको होतं.

यंदा गल्लीने आधीच सांगून ठेवलं की मागची कमी पडली. एक बरणी आणखी लागणार होती. बायको म्हणाली, मोबाईलवर मागवा, घरपोच येईल. मी रिक्षा केली.

म्हातारा गादीवरच होता. मला ओळखलं. माझ्या मागे कोणी येतंय का, म्हणून बघितलं. "बाई नाय आल्या?"

"त्या गेल्या."

कशाला पाहिजे हे या खेपेला त्याने विचारलं नाही. आत जाऊन बरणी घेऊन आला, फडक्याने पुसली, माझ्या हातात दिली. मी पायरीवर त्या बसायच्या तिथे बसलो आणि बरणीत नाक घातलं. आत तसंच थंड होतं.

"येतोय का कसला वास?" त्याने वरून विचारलं.

"नाही."

"मग जमलं," तो म्हणाला.

मी तोंड बाहेर काढलं नाही. बाजार चालू होता, लोक थांबून बघत असतील, बघोत.