क्लच पूर्ण खाली: भोरहून गुंजवण्याला

गुंजवण्याच्या आत्याकडे बाबा दर महिन्याला एकटे जातात. एसटीच्या वेळा सोयीच्या नाहीत आणि कुणाला 'सोड' म्हणणं त्यांना जमत नाही. त्यांची जुनी गाडी ऑटोमॅटिक होती, डावा गुडघा दुखावल्यावर मुद्दाम घेतलेली. तिचा गिअरबॉक्स गेला आणि तसा दुसरा मिळेना. म्हणून वरव्याजवळच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी साधा, हाताने गिअर टाकायचा बसवून घेतला. "गुडघा आता बरा आहे," म्हणाले. तेव्हापासून गाडी मनात आलं तर सुरू होते आणि सिग्नलला थांबली की थरथरून बंद पडते. ही फेरी नीट झाली तर गाडी ठेवायची, नाहीतर विकायची, असं ठरलं. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करते. आठवडाभर तेच करून शनिवारी पुन्हा तेच करायची इच्छा नव्हती. तरी गेले.

महामार्गावरच्या टोलनाक्याची रांग टाळायची असेल तर उजाडायच्या आधी निघा. आम्ही टाळली नाही. बाबा चालवत होते आणि रांग थांबली की गाडी बंद. गिअर टाकताना करकर व्हायची. मी नवीन गिअरबॉक्सला दोष दिला. कापूरहोळला उजवीकडे वळल्यावर ट्रक मागे राहिले, एवढाच काय तो आराम.

भोर ओलांडून आधी आंबवड्याला गेलो. झुलता पूल, खाली झाडीत देऊळ, गारवा. तासभर बसायला जागा छान आहे. परत आलो तर चावी फिरवून काहीच नाही. दिवे लख्ख, स्टार्टर गप्प. मी बॉनेट उघडायच्या आत तिथले चार जण गाडीच्या मागे ढकलायला उभे राहिले होते.

"ताई, तुमी आत बसा. ढकलायला आमी हाय की."

"थांबा, कारण बघू द्या."

"कारन घरी जाऊन बघा. पाव्हणं, कुठं निगालाय?"

"गुंजवण्याला," बाबा म्हणाले.

"मग काय, तितं बी लई मानसं हायेत ढकलायला."

बाबा खूश. गाडी सुरू झाली. या भागात माणसं इतक्या आनंदाने धक्का मारतात की गाडी का सुरू होत नाही हे कुणी विचारतच नाही. बाबांनीही गाडी उतारावर लावायची सवय करून घेतली होती.

भोरला बाबा जेवायला बसले. भाकरी-पिठलं चांगलं मिळतं, भाकरी गरम मागून घ्या. मी शेजारच्या वायरमनच्या दुकानासमोर गाडी लावली. आधी एक फुसफुस ऐकू आली. जुन्या गिअरबॉक्सकडे जाणारी रबरी नळी उघडीच सोडली होती आणि इंजिन तिच्यातून हवा ओढत होतं. अंगठा दाबला, इंजिनाचा आवाज स्थिर झाला. बूच लावलं. मग स्टार्टर. ऑटोमॅटिकमध्ये गाडी न्यूट्रलला आहे हे सांगणारा स्विच गिअरबॉक्सवर असतो. तो जुन्या गिअरबॉक्सबरोबर गेला होता आणि त्याच्या दोन वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या. हादऱ्याने सुटायच्या.

"पक्क्या जोडून टाकू?" वायरमन म्हणाला.

"नको. मग गिअरमध्ये असतानाही सुरू होईल. क्लचच्या पेडलवर स्विच बसवा, क्लच दाबला तरच सुरू होऊ दे."

"किती दाबल्यावर लागू द्यायचा?"

"पूर्ण."

"व्हय, तेच बरं. गाडी कुनाच्या अंगावर जायला नको."

तिथून मी चालवली. नसरापूर, मार्गासनी, मग अरुंद रस्ता. भात कापून झालेली खाचरं, वर राजगड. मुद्दाम अनेकदा थांबून पाहिलं. एकदाही बंद पडली नाही. आत्याच्या दारात मी नेहमीच्या उतारावर न लावता सपाटीला लावली. बाबा रात्री शांत झोपले. मीही.

सकाळी निघताना बाबा चालवायला बसले. चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली.

"परत रुसली व्हय गं?" आत्या ओट्यावरून म्हणाली. "बोलवू का कुनाला धक्का द्याया?"

मी दार उघडून खाली वाकले. वायरी जागेवर होत्या. पेडल अर्ध्यावर होतं आणि बाबांचा डावा पाय त्यावर कापत होता. त्यांचं लक्ष समोरच्या काचेकडे होतं. करकर का व्हायची आणि रांगेत गाडी का बंद पडायची, ते मला तेव्हा कळलं. नळीचा दोष होताच, पण सगळा तिचा नव्हता. स्विच थोडा वर सरकवला असता तर अर्ध्या दाबावरही गाडी सुरू झाली असती. पाना माझ्या पिशवीत होता. तो तिथेच राहू दिला.

"काल बसवलेला स्विच जरा हट्टी आहे," मी आत्याला म्हणाले. "मी करते सुरू. बाबा, तुम्ही तिकडे बसा."

ते उतरले, गाडीला हात लावत लावत वळसा घालून आले. गाडी लगेच सुरू झाली. इंजिन अगदी एका लयीत.

"फुडल्या म्हयन्यात येतोस न्हवं?" आत्याने खिडकीतून विचारलं.

"हिला सुट्टी असली तर," बाबा म्हणाले.

परतीत मीच चालवली. अशी गाडी कुणाकडे असेल तर आधी त्या दोन वायरी आणि ती नळी बघा, बहुतेक त्रास तिथेच असतो. आमची आता व्यवस्थित आहे. विकायचा विषय कुणी काढला नाही. घरी आल्यावर बाबांनी चावी त्यांच्या खिळ्याला न लावता माझ्या टेबलावर ठेवली. पुढच्या महिन्यातला एक शनिवार मी मोकळा ठेवला आहे.