थिजलेलं खोबरेल

आक्षीच्या रस्त्यावर त्या कोळणीचा पाय मोडला, तेव्हा ती मोटारीला आडवी आली असं मी सांगितलं. ते खोटं होतं. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला होता आणि तरी गाडीचा वेग कमी झाला नव्हता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. माझे थोरले भाऊ अलिबागेत वकील होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी शर्यतीच्या धाटणीची जुनी मोटार घेतली. लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. मी मॅट्रिक होऊन घरीच होतो, म्हणून तिची देखभाल माझ्याकडे आली. घरात मला तेवढं एकच काम होतं, आणि ते मला येतं असं मी सांगून बसलो होतो.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. सकाळी सुरू केली की जागेवर उभ्या उभ्याच इंजिन भरधाव फिरे. मी कार्ब्युरेटरचा स्क्रू सैल करून त्याला खाली आणी. दुपारी दादा कोर्टातून येऊन गाडीत बसले की तेच इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडे. मग मी स्क्रू पुन्हा आवळी. प्लग घासले, जेट फुंकून साफ केला, सांध्यांना नवे कागद कापून बसवले. फरक पडला नाही.

"तुझी गाडी सकाळी सरदार आणि दुपारी कारकून," दादा म्हणत.

खाऱ्या हवेनं थ्रॉटलची, म्हणजे पायाच्या दाबानं इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या झडपेची, दांडी गंजू नये म्हणून मी तिला रोज तेल देत असे. मशीनचं तेल मुंबईहून येई. ते संपलं तेव्हा मी खोबरेल घातलं. आमच्याकडे कुलपाला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, डोक्यालाही तेच. त्यात चुकण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नाही.

पौषातली सकाळ होती. दादांना रेवदंड्याहून आणायचं होतं. आक्षीच्या वळणावर मी पाय उचलला, पण इंजिन तसंच ओरडत राहिलं. समोरून कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन कडेकडेनं बाजाराला निघाल्या होत्या. इंजिन बंद करायचं मला सुचलं नाही. ब्रेक दाबला, तो पुरा पडला नाही. सगळ्यात मागची सापडली. सुके बोंबील रस्ताभर पसरले.

माणसं जमली. मी म्हणालो, "बाई आडवी आली."

दुपारी दादांनी बॉनेट उघडून थ्रॉटल हातानं चाळवून पाहिली. झडप टकटक मिटत होती. "गाडीत दोष नाही," ते म्हणाले. मी मान हलवली. मनात काही हललं असं आठवत नाही.

पुढे आम्ही तिला बघायला गेलो. ती ओटीवर पडली होती, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "मीच आले आडवी, भाऊ. पाटीखालनं दिसलं न्हाय."

तिचा नवरा जाळं दुरुस्त करत बसला होता. "त्यांची मोटार रेवदंड्यापासनं ऐकू येते," तो म्हणाला. "हिला पुढ्यात आली तरी न्हाय आली ऐकू." दारातले लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं.

थंडी अजून होती. एका सकाळी वहिनी वेणी घालायला बसल्या आणि खोबरेलाची बाटली त्यांनी पायरीवर उन्हात ठेवली. तेल पांढरं, घट्ट झालेलं. "ऊन वर आल्याशिवाय हे पातळ व्हायचं नाही, भावोजी," त्या म्हणाल्या.

मी गाडीपाशी गेलो. थ्रॉटलच्या दांडीभोवती मेणासारखा पांढरा थर होता. झडप बोटानं उघडली, ती उघडीच राहिली. दुपारच्या उन्हात ती आपोआप मोकळी होत होती, आणि मी स्क्रू पिळत बसलो होतो. घासलेटनं सगळं पुसून काढलं. त्यानंतर इंजिन सकाळ-दुपार सारखंच चालू लागलं.

"सापडलं शेवटी," दादा म्हणाले. "काय होतं?"

"गंज," मी म्हणालो.

ती कोळीण पुन्हा चालू लागली, पण लंगडत. डोक्यावर पाटी घेऊन अलिबागेपर्यंत येणं तिला जमेना. पुढे सून पाटी आणी आणि ती बैलगाडीतून मागाहून येऊन बाजारात बसे. तिला सगळे मोटारवाली म्हणत. "मोटारवालीकडे मासळी नीट बघून घ्या, तिला दिसत नाही," ही थट्टा वर्षानुवर्षं चालली. मी बोंबील दुसरीकडून घेत असे. दादांनी गाडी विकली, तरीही मी काही बोललो नाही.

मग एकदा बाजारात तिच्या मागून जात होतो. सून घरी जायला निघाली होती. म्हातारी तिला सांगत होती, "रस्ता बघून जा गो. मी आंधळी, म्हनून पाय गेला माझा."

मी परत फिरलो आणि तिच्या पाटीसमोर उकिडवा बसलो. "तुम्ही आडव्या आला नव्हता," मी म्हणालो. "कडेनंच चालत होता. गाडीत मी घातलेलं खोबरेल थिजलं होतं, म्हणून ती आवरली नाही. मी खोटं बोललो."

ती बोंबलांवरच्या माशा हाकत राहिली. "म्हंजे मला दिसत व्हतं," ती म्हणाली.

"दिसत होतं."

"मंग उभा ऱ्हा नि मोठ्यानं बोल. माझा घोव न्हाय आता ऐकायला. पन ह्या हायत."

मी उभा राहिलो. ओळीतल्या सगळ्या कोळणींना ऐकू जाईल अशा आवाजात ते सगळं पुन्हा सांगितलं, आणि तिच्याकडे वळून म्हणालो, "चूक माझी होती. मला माफ करा."