कच्चा का पक्का

बाबांचं डोकं रोज सकाळी ठणकायचं आणि मागावर धोटा फेकताना उजवा हात अडखळायचा. काकांनी निदान केलं, "ढोंग करून राहिला." विणकराच्या घरात याहून मोठी शिवी नाही. बाबा दुखण्यापेक्षा त्या शब्दानेच खंगले. मी तेव्हा शहरातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. शेवटी मीच आईबाबांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले आणि बाबांना भरती केलं.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. कवटीच्या साध्या फोटोत काही दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "मानेतल्या धमनीत रंग सोडू आणि लगेच एक्स-रे काढू. आत गाठ असेल, तर तिने नसा बाजूला ढकललेल्या दिसतील."

मानेत सुई म्हणताच मी आईचा हात धरला. बाबांनी एवढंच विचारलं, "रंग कच्चा का पक्का?"

डॉक्टर बिचारे खरं बोलले. "अगदी कच्चा. लघवीवाटे निघून जातो."

झालं! बाबा खाटेवरून खाली उतरले. "आमच्या घरात कच्चा रंग कोनी वापरला नाई. लुगडं धुतलं का काठ पदरात उतरते. मले नाई पाहिजे."

"बरं, पक्का आहे," डॉक्टर घाईने म्हणाले.

"आत्ताच तं कच्चा म्हनलं तुम्ही! माल बदलून राहिले काय?"

शेजारच्या खाटेवर कन्हानचा एक खाणकामगार होता. तोही म्हणाला, "पहले नमुना दाखवा." डॉक्टरांनी खरंच बाटली आणली. आत पाण्यासारखं स्वच्छ औषध.

"याले तं रंगच नाई!" बाबा ओरडले. सगळा वॉर्ड हसला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मग आई बोलली. "अवो, तुमचं डोकं का बजारात विकाचं हाय? ढोंग नाई, हे तं दिसंन लोकाइले!"

बाबा परत खाटेवर चढले.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं आणि फोटो उजेडासमोर धरला. नसा कमानीसारख्या वाकल्या होत्या. "गाठ आहे," ते म्हणाले, "पण फार खोल. तिथे हात घालता येणार नाही."

परत आले तेव्हा बाबा मानेला पट्टी बांधून वाट पाहत होते. "काय निघालं वं?"

"गाठ हाय, बाबा." पुढचं मला बोलवलं नाही.

त्यांचा चेहरा खुलला. "पाह्य! गाठ हाय! सांग तुह्या काकाले!" आईला पिटाळून त्यांनी केळी आणवली आणि वॉर्डभर वाटायला लावली. खाणकामगाराने उठून त्यांचा हात हातात घेतला. मी सोललेलं केळं हातात धरून बसले होते, आणि बाबा म्हणत होते, "खा वं, आनंदाचं हाय."