खलनायकाची वही

ढाणकीच्या एका कापूस जिनिंगच्या आवारात धर्मपाल मुनेश्वर मापारी होता. गाडी काट्यावर घ्यायची, वजन ओरडून सांगायचं, चिठ्ठी फाडून द्यायची. आणि या माणसाला कादंबरी लिहायची होती.

तीनदा सुरू करून त्याने ती सोडली होती. २००५च्या हंगामात चौथ्यांदा बसला तेव्हा ठरवलं, आधी माणसं उभी करायची, गोष्ट मागून येईल. प्रत्येक पात्राला एक शंभर पानी वही. चालतो कसा, ताटातलं आधी काय संपवतो, कोणाला घाबरतो, सगळं त्यात. नायकाची वही भरली. नायकाच्या आईचीही भरली. खलनायकाची मात्र पाचव्या पानावर अडली.

खलनायक होता कापसाचा दर्जा ठरवणारा ग्रेडर भुजंगराव, आणि तो कोणावरून घेतलाय हे धर्मपालने घरात लपवलं नव्हतं. आवारातल्या कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर वामनराव पिंपळापुरे म्हणजे उमरखेडच्या कारकुनी घराण्यातले, इस्त्रीचा सदरा, तुटक बोलणं. मूठभर कापूस घेऊन बोटांनी धागा ओढायचे, मूठ डोळ्यांशी न्यायचे आणि म्हणायचे, "पिवळट. दुसरा दर्जा." त्या वर्षांत कापसाला भाव नव्हताच. त्यात दर्जा उतरला की गाडीवाला बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहायचा.

धर्मपालची मुलगी पायल कॉलेजात शिकत होती. तिने ती पाच पानं वाचली.

"बाबा, हा भुजंगराव घरी गेल्यावर काय करते?"

"काय करते म्हंजे? खाल्लेले पैसे लपवत असन."

"रोज? बायकोशी बोलत नाही, त्याचं डोकं दुखत नाही? हा माणूस नाही वाटत मले. भिंतीवरचं चित्र वाटते."

ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन वजनं चुकीची ओरडली. काटा सोडून त्याचं लक्ष सारखं वामनरावांकडे जायचं. आणि जे दिसलं ते वहीत बसेना. ते व्यापाऱ्यांचा चहासुद्धा घेत नव्हते. नाली ओलांडताना आधी चपलेचं टोक पुढे करून चाचपायचे. सही करताना विचारायचे, "कुठे? बोट ठेव."

एका रविवारी धर्मपाल रजिस्टरचं निमित्त करून त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेला. वामनराव खुर्चीत बसलेले, त्यांच्या पत्नी कुंदाताई त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. धर्मपाल दोन हातांच्या अंतरावर दारात उभा, दिवस लख्ख, आणि वामनराव विचारतात, "कोण आलंय?"

कुंदाताई चहा ठेवायला आत गेल्या.

"साहेब, तुमाले दिसत नाही?"

ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. सगळं जुन्या कागदासारखं दिसतं, पिवळं."

"मंग ऑपरेशन काहून नाही करत?"

"वडिलांनी केलं होतं. बिघडलं. बारा वर्षं आंधळे जगले. दीड वर्ष राहिलंय माझ्या निवृत्तीला. तू कोणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही," धर्मपाल बोलून गेला.

घरी येऊन त्याने एका बैठकीत वीस पानं भरली. एवढा आनंद त्याला आयुष्यात क्वचितच झाला होता. मग पेन थांबलं. पिवळं दिसतं म्हणजे, पांढरा कापूसही पिवळाच दिसत असणार. महिन्याभरात किती गाड्यांना दुसरा दर्जा मिळाला, त्या सगळ्या त्याच्या काट्यावरूनच गेल्या होत्या. आणि त्याला आधी वहीचा आनंद झाला होता.

त्यानंतरचे चार दिवस त्याला एका जागी बसवेना. वामनरावांना त्याने गोडाऊनमागे गाठलं. "साहेब, सुटी घ्या."

"हंगाम संपू दे."

"हंगाम संपल्यावर काय? कापूस तर रोज जाऊन राह्यला ना."

वामनराव चपलेच्या टोकाने नाली चाचपत निघून गेले. कादंबरीत धर्मपालने भुजंगरावाचं बिंग फुटण्याचा प्रसंग दोनदा लिहिला. दोन्ही वेळा नायकाने भर आवारात सत्य सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी रुखमाबाई आली. बिटरगावकडची बाई, गाडी स्वतःच हाकत आणलेली, कापसावर धुतलेलं लुगडं पांघरलेलं. वामनरावांनी मूठ घेतली. "पिवळट."

"एकेक बोंड मी येचलं साहेब. कुठं पिवळं हाये ते बोट ठेवून दाखवा."

तिने कापूस त्यांच्या तोंडापुढे धरला. वामनरावांनी तो हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. लोक जमू लागले. धर्मपाल काटा सोडून पुढे आला.

"साहेब, पांढरा हाये. मी पाहून राह्यलो."

"तू मापारी आहेस. जागेवर जा."

"साहेब, तुमाले दिसत नाही."

टाळी कोणीच वाजवली नाही. एकदम गलका झाला. कोणी वामनरावांची कॉलर धरली, कोणी बैल हाकायची काठी उगारली. धर्मपाल मधे घुसला आणि ती काठी त्याच्या खांद्यावर बसली. कसंबसं त्याने वामनरावांना ऑफिसात नेलं आणि आतून कडी लावली.

दुपारी दुसरा ग्रेडर आला. रुखमाबाईच्या कापसाला पहिला दर्जा मिळाला. आधीच्या गाड्यांचं काहीच परत फिरलं नाही, तो कापूस केव्हाच गाठींत गेला होता. चिठ्ठी घेताना रुखमाबाई धर्मपालला म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं तं आधी काहून नाही बोलले?" धर्मपालने दुखरा खांदा धरून पुढची गाडी काट्यावर घेतली.

वामनरावांना सक्तीची रजा मिळाली. पुढच्या हंगामात जिनिंगवाल्यांनी धर्मपाललाही बोलावलं नाही. भांडण लावणारा माणूस म्हणाले. तो वणीला गेला, कोळशाच्या ट्रकांच्या काट्यावर लागला. भुजंगरावाची वही तिथेही सोबत होती, पण लिहायला बसला की तो उठायचा, फेऱ्या मारायचा, परत बसायचा. वामनरावांना न विचारता लिहिणं त्याला जमेना.

शेवटी दीड वर्षाने तो उमरखेडला गेला. वामनरावांचं ऑपरेशन नांदेडला नीट पार पडलं होतं. जाड चष्म्यातून त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"मला वाटलं होतं तू वयाने लहान आहेस," ते म्हणाले. "काय काम काढलंस?"

त्याने सगळं सांगितलं. कादंबरी, वही, भुजंगराव. कुंदाताई दारात थांबून ऐकत होत्या.

"मी पैसे खाल्ले असं लिहिलंयस?"

"आधी लिहलतं. काढलं."

"मग मी काय केलं असं लिहिणार?"

"घाबरले, असं."

वामनराव म्हणाले, "ते खरं आहे. लिही."

"मीबी घाबरलतो साहेब. चार दिवस. तेबी लिहून राह्यलो."

त्यांनी त्याला जेवायला थांबवलं नाही, पण फाटकापर्यंत सोडायला आले. कादंबरी पुरी व्हायला आणखी दोन वर्षं लागली. यवतमाळच्या एका छोट्या छापखान्याने ती काढली. नायक फार उशिरा तोंड उघडतो, अशी तक्रार करणारी तीन पत्रं वणीच्या पत्त्यावर आली, आणि धर्मपालने तिन्ही पत्रांना उत्तर लिहिलं, की हो, उशीरच झाला.