ड्रॅगनचा खांदा

आमच्या शेजारचे एक गृहस्थ उद्यमनगरात फौंड्रीला ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने, पॅटर्न, करायचे. दर रविवारी चहाला येत, पण आधी शोकेस उघडत. माझ्या मुलीनं परदेशातून पाठवलेला, प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून केलेला ड्रॅगन तिथं असायचा. त्याच्या पंखाच्या मुळाशी नव्याच तऱ्हेचा भाग होता, खोबणीत फिरणारी गोळी. ते पंख काढत, जिभेचं टोक दातांत धरून गोळी न्याहाळत. "मास्तर, आपल्या खांद्यागत केलंय की. खिळा न्हाय, स्क्रू न्हाय." मग पंख दर वेळी वेगळाच बसवत. कधी उडता, कधी अंगाशी मिटलेला.

मला तो ड्रॅगन खोक्यावरच्या चित्रासारखाच हवा होता. एकदा पाहुणे यायचे म्हणून मी सगळे सांधे गोंदानं पक्के करून टाकले.

पुढच्या रविवारी त्यांनी पंख वळवून पाहिला. तो हलला नाही. वाळलेला गोंद त्यांनी अंगठ्यानं चाचपला.

"बरं केलंसा मास्तर. आता पडायचा न्हाय," म्हणाले आणि शोकेसचं दार लावलं.

त्यानंतरही ते दर रविवारी आले. चहा घेतला, गप्पा मारल्या. फक्त कपबशी खाली ठेवली की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे.