‘पुन्हा घेतली’चा रकाना

दारू सोडवण्याच्या कामात किस्से इतके साठतात की ठेवायचे कुठे हाच प्रश्न पडतो. माझ्यापुरता मी तो सोडवला होता. पेशंटच्या कार्डाची पुढची बाजू बाईंची, मागची कोरी बाजू माझी!

बाई म्हणजे आमच्या मिरजेच्या डॉक्टरीणबाई. दारू सोडवायची जुनी तऱ्हा टाकून तपासून पारखलेली तऱ्हा घ्या, हे सांगत त्या सत्तरच्या दशकात सातारा-सांगलीकडची आरोग्य केंद्रं पालथी घालत होत्या. मी आठवीतून शाळा सोडलेला. चारचौघांत तोंड उघडत नसे, पण अक्षर बरं होतं. म्हणून कार्डं भरायला मला घेतलं.

बाईंची तऱ्हा साधी. पेशंटला रागवायचं नाही. दारू एकदम तोडायची नाही, देखरेखीखाली उतरवायची. मग त्याच्या मर्जीनंच गोळी. आणि दर महिन्याला घरी जाऊन विचारपूस. त्यासाठी कार्डावर एक रकाना होता : ‘पुन्हा घेतली’. बाई म्हणायच्या, “हा रकाना सगळीकडे कोरा दिसला की मला आनंद होत नाही, संशय येतो.”

* * *

पहिल्याच केंद्रातल्या वयस्कर डॉक्टरांनी आमच्यापुढं रजिस्टर सरकवलं.

“आमचा रिझल्ट शंभर टक्के!”

खरंच प्रत्येक नावापुढं ‘बरा’ लिहिलेलं. उपचारही सगळ्यांना एकच : बेलभंडार उचलून शपथ.

“बरे झाले हे कशावरून?” बाईंनी विचारलं.

“एकही परत आला नाही!”

* * *

तिथले कंपाउंडर मात्र मला आवडायचे. गोरगरिबांचं औषध हातानं बांधून द्यायचे, उशीर झाला तर स्वतः पोचवायचे. तोंडात कायम लवंग. “दाढ दुखती,” म्हणायचे. दोन वर्षांत ती दाढ काही थांबली नाही आणि त्यांनी काही ती काढली नाही.

न रागवता कसं विचारायचं, ते बाई त्यांना शिकवत होत्या. बाई पेशंट झाल्या, कंपाउंडर समोर बसले.

“लाज वाटत न्हाई का रं?” कंपाउंडरांनी सुरुवात केली.

“हे विचारायचं नाही,” बाई म्हणाल्या. “शांतपणे विचारा. किती घेता, कधीपासून घेता, असं.”

कंपाउंडरांनी मान डोलावली, घसा साफ केला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं,

“लाज कवापासनं वाटत न्हाई?”

* * *

त्या काळी दारू विकत घ्यायला सरकारी परवाना लागायचा. एक बागायतदार इस्त्रीचे कपडे घालून केंद्रात आले. प्रत्येक प्रश्नाला असं उत्साहानं उत्तर देणारा पेशंट मी पाहिला नव्हता.

“रोज किती घेता?” मी खाली मान घालून विचारलं.

ते पुढं वाकले. “किती लिवल्यावर जास्त मिळंल?”

हे कार्ड दारू मिळण्याचं नाही, सोडण्याचं आहे, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“मग आदी सांगायचं न्हाई व्हय? अर्दीच लिवा!”

* * *

आमच्या गोळीवर दारू घेतली की उलट्या, धडधड. जिवावरसुद्धा बेतू शकतं. म्हणून पेशंटला न सांगता ती द्यायची नाही, ही बाईंची सक्त ताकीद. तरी एका केंद्रानं गोळ्यांची पुडी सरळ बायकोच्या हातात दिली. तिनं ती कालवणात घातली. नवरा भट्टीवर गेला आणि तिथंच आडवा झाला. वाचला, पण बाई त्या दिवशी केंद्राच्या डॉक्टरांवर अशा कडाडल्या की बाहेरची रांग पांगली.

गावानं मात्र खापर भट्टीवाल्यावर फोडलं. चौथ्या दिवशी तोच केंद्रावर हजर!

“आवं बाई, माझं गिऱ्हाईक तुटलं. तुमच्या सहीनं एक चिठ्ठी द्या.”

“कसली चिठ्ठी?”

“माल चांगला हाय म्हनून!”

* * *

आमच्या पंचायत समितीचे सभापती उत्साही माणूस. दारू सोडणाऱ्यांचा त्यांनी फेटा आणि नारळ देऊन सत्कार सुरू केला. तोही उपचाराच्या पहिल्याच दिवशी!

बाई म्हणाल्या, “अजून सुटलेली नाही हो.”

“सुटंल की! फेटा बांदल्यावर कुनाची छाती हाय प्यायची?”

एका पैलवानानं तीन वेगवेगळ्या केंद्रांत दारू सोडून तीन फेटे मिळवले. लग्नसराईत ते भावकीला वापरायला द्यायचा.

पण फेट्यापायी एक माणूस हरवला. पलूसकडचे हवालदार, फौजेतून निवृत्त झालेले. पूर्वी एकदा त्यांनी घरात एकट्यानं दारू तोडली होती. तिसऱ्या दिवशी झटके आले, मिरजेला नेईपर्यंत शुद्ध गेलेली. “पुन्हा असं केलंत तर जगणार नाही,” बाईंनी बजावलं होतं. आमच्याकडं मात्र ते रीतसर चार महिने कोरडे राहिले. सत्कारात सगळ्यांत मोठा फेटा त्यांचा. आणि मग एकाएकी यायचे बंद झाले.

* * *

मी सायकलवरून त्यांच्या घरी गेलो.

“गावाला गेल्यात,” हवालदारीणकाकू दारातच म्हणाल्या. पायाशी हवालदारांचे बूट.

“कधी येतील?”

आतून आवाज आला, “आट दिवस येनार न्हाईत म्हनावं!”

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मी खिडकीपाशी गेलो.

“हवालदार, प्यालात तरी यायचं असतं.”

“फेटा बांदून घेतलाय, गड्या. मानसांनी टाळ्या वाजिवल्यात. आता कुटल्या तोंडानं येऊ? उद्यापासनं आतनं कडी लावून बसनार. सुटली तर बाहीर येतो, न्हाईतर न्हाई.”

एकट्यानं तोडली तर जगणार नाही, हे बाईंचं बोलणं मला आठवलं. समजावून बोलणं मला कधीच जमलं नाही. जे ठाऊक होतं तेवढंच बोललो.

“कार्डावर ‘पुन्हा घेतली’ असा रकाना आहे. बाईंनी तो मुद्दाम छापून घेतलाय. कुणी पुन्हा घेतच नसतं तर छापला असता का?”

सायकलला टांग मारून मी परत निघालो.

* * *

दुसऱ्या दिवशी आमच्या त्या पहिल्या केंद्राच्या अंगणात सभापतींनी ठेवलेला नवा सत्कार. जुने सत्कारमूर्तीही फेटे बांधून पुढच्या रांगेत बसवलेले. कोपऱ्यात टेबल टाकून मी कार्डं लावत होतो. बाईंनाही स्टेजवर बसवलेलं. सभापतींचं भाषण ऐन रंगात आलं होतं.

तेवढ्यात हवालदार फाटकातून आत आले. पाय लटपटत होते, पण चाल परेडची. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. ते स्टेजकडं वळलेच नाहीत. सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि घडी घातलेला फेटा टेबलावर ठेवला.

“नारळ खाल्ला. फेटा परत घ्या आन माजं कार्ड काडा.”

टाळ्या थांबल्या. सभापतीही थांबले. बाई स्टेजवरून उतरू लागल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

“पुन्हा घ्यायला लागून किती दिवस झाले?”

“अकरा.”

मी रकान्यात अकरा लिहिले. मान वर केली तर हवालदारांच्या मागं पैलवान उभा, काखेत तिन्ही फेटे. त्याच्यामागं आणखी एक जण डोक्यावरचा फेटा सोडत होता. त्याच्यामागं आणखी दोघं.

रांगेच्या शेवटी आमचे कंपाउंडर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात फेटा नव्हता. तोंडात लवंगही नव्हती.