नावापुढं बी.कॉम.

"ए पोरी, गाडीतली पायपुसणी काढ आन् झटक."

भाऊ माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते हे. मी चौथीत होते. अंगात पांढरा फ्रॉक होता, कारण चर्चमधून सरळ आले होते. त्या रविवारी मी सगळ्यांसमोर बायबलमधलं एक स्तोत्र तोंडपाठ म्हणणार होते आणि पप्पांनी येतो म्हणून सांगितलं होतं. ते आले नाहीत. म्हणून त्यांना शोधत मी भाऊंच्या बंगल्यावर गेले, तर पप्पा बादली घेऊन भाऊंची गाडी धूत होते.

भाऊ म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपनीतल्या युनियनचे अध्यक्ष. पप्पा त्याच कंपनीत ड्रायव्हर. कंपनीचं मोठं यार्ड शिरूरला, डेपो दौंडला. सुट्टीवर असलेल्या ड्रायव्हरनं भाऊंच्या घरी जायचं, गाडी धुवायची, त्यांच्या माणसांना लग्नाला न्यायचं-आणायचं, हा युनियनमधला रिवाज. कुठं लिहिलेला नव्हता. पण चुकवत कुणी नव्हतं.

"कुणाची रं ही?" भाऊंनी विचारलं.

"माझी हाय भाऊ," पप्पा म्हणाले.

"मग नुसती उभी का?"

मी पायपुसणी घेऊन पायरीकडं निघाले, तशी ओट्यावरून एक बाई म्हणाल्या, "इकडं नगं. मिशनातली पोर हाय ती, फाटकाच्या भाईरच झटकू द्या."

मी पप्पांकडं बघितलं. ते काहीतरी बोलतील असं वाटलं. ते हसले. "झटक की बाळा," म्हणाले.

मी फाटकाबाहेर जाऊन चारही पायपुसणी झटकली. धूळ फ्रॉकवर बसली, तोंडात गेली. धुळीचं मला काही नाही. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

आम्ही मिशनच्या आवारात मागच्या चाळीत एका खोलीत राहायचो. आई न्हावरे गावाच्या बाजूला दुसऱ्यांच्या रानात कांदे काढायला जायची. पप्पा महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस गुवाहाटी, कोलकाता, चेन्नई. मला टायफॉइड झाला तेव्हा ते आसामात होते. आले तोवर मी बरी होऊन शाळेत जायला लागले होते. त्या चार दिवसांतला एक भाऊंचा. आई म्हणायची, "देवासाठी एक वार ठिवला व्हता, त्यो बी ह्यांनी नेला." पण हळू म्हणायची.

कंपनीत सेवेची वर्षं मोजत. जितकी वर्षं जास्त, तितकी जवळची लाइन. नव्या माणसाला आसाम, जुन्याला गाव. मी बारावीत गेले त्या वर्षी पप्पांना शिरूर-दौंड लाइन मिळाली. रांजणगावच्या कारखान्यांचा माल दौंडला टाकायचा, कुरकुंभचा उचलायचा आणि संध्याकाळी घरी. तेव्हा मला कळलं की पप्पा कांदा कापत नाहीत, बुक्कीनं फोडतात. त्यांना पावाबरोबर गूळ आवडतो. आपला बाप कसा जेवतो हे मला सतराव्या वर्षी कळलं.

भाऊंबद्दल मी खोटं लिहिणार नाही. ड्रायव्हरांना परमनंट करायच्या वेळी ते गेटवर ट्रकच्या चाकापुढं आडवे झाले होते. पोलिसांच्या काठीनं त्यांचा डावा हात मोडला, तो आजही सरळ होत नाही. पप्पांची नोकरी त्या हातामुळं पक्की झाली. पप्पा हे कधी विसरले नाहीत. भाऊंनीही कुणाला विसरू दिलं नाही.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेलं माणूस मीच पहिलं. भाऊंच्या शब्दावर मला कंपनीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून घेतलं. कुठली गाडी कुठं गेली, कोण कधी सुटलं, ते लिहायचं काम. भाऊंनी गेट मीटिंगमध्ये माझा सत्कार केला. शाल, नारळ. "आपल्या युनियनची पहिली ग्रॅज्युएट पोरगी," म्हणाले. पप्पा शेवटच्या रांगेत उभे राहून डोळे पुसत होते. त्या दिवशी मी ती पायपुसणी विसरले. खरं सांगते, साफ विसरले. माणूस शालीला किती लवकर भुलतं.

त्यानंतर मी जिथं तिथं नावापुढं बी.कॉम. लिहायचे. बँकेच्या स्लिपवर. गॅसच्या पुस्तकावर. आई हसायची, "सिलेंडर लौकर येतुया व्हय त्यानं?"

मग कंपनी बुडायला लागली. बँकांची माणसं येऊन बसली. पुनर्रचना हा शब्द यार्डात सगळ्यांच्या तोंडी झाला. नवा मालक येणार, निम्म्या गाड्या विकणार, एवढंच कळत होतं. लोक भाऊंना विचारायचे, आमच्या सेवेचं काय? भाऊ म्हणायचे, "मी हाय ना." कागद दाखवा म्हटलं की, "इंग्रजीत हाय, वकील बघत्यात." महिना गेला, दोन गेले. भाऊ मालकाच्या गाडीतून उतरताना लोकांनी बघितले. दौंडचे आप्पा, सगळ्यांत जुने ड्रायव्हर, एकदा भर मीटिंगमध्ये उठले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही हाय ते दिसतंय. कागदात काय हाय ते सांगा." लोक हसले. भाऊ हसले नाहीत.

त्यानंतरच्या मीटिंगला भाऊंनी मला बोलावून रजिस्टर हातात दिलं.

"सह्या तू घे. शिकल्याल्या पोरीनं घेतल्या की लोक बिनबोभाट करत्यात."

आमच्याकडं प्रत्येक मीटिंगला हजेरीच्या सह्या होत. कोण आलं, कोण नाही, ते भाऊंना लागे. मी पेन्सिलीनं रेघा मारल्या, तारीख टाकली आणि विचारलं, "भाऊ, वर विषय काय लिहू?"

"मोकळं सोड चार बोटं. मागनं लिहू."

मी सोडलं.

शिरूरच्या सह्या सकाळी झाल्या. दुपारची मीटिंग दौंडला होती, एसटीनं तिकडं गेले. आप्पा गाडीखाली पडून काही बघत होते. हात पुसत बाहेर आले.

"कशाची गं ताई?"

"हजेरी, आप्पा."

"तू म्हणतीस म्हंजी हजेरीच," ते म्हणाले, आणि पेन घेतला.

शेवटी मी माझी सही केली. नावापुढं बी.कॉम. लिहिलं.

तीन आठवड्यांनी नव्या मालकाचा आणि युनियनचा समझोता झाल्याचं कळलं. बोर्डावर लावायच्या प्रती काढायला तो माझ्याकडंच आला. झेरॉक्सच्या मशीनशी उभ्या उभ्या मी वाचला. सगळा इंग्रजीत. सातव्या पानावर लिहिलं होतं, की सर्व कामगार जुन्या कंपनीचा राजीनामा देऊन नव्या कंपनीत नवीन भरती म्हणून येतील आणि मागची सेवा धरली जाणार नाही. मी ते तीनदा वाचलं. इंग्रजी अवघड नव्हतं.

समझोत्याला मागं आमच्या रजिस्टरमधली पानं काढून जोडलेली होती. माझ्या हातच्या रेघा, माझ्या हातची तारीख. वर मोकळ्या सोडलेल्या चार बोटांत टाइप केलं होतं, की खाली सह्या करणाऱ्या कामगारांनी समझोता वाचला, समजून घेतला आणि तो त्यांना मान्य आहे.

मशीन चालू होती. प्रती पडत होत्या. मला ती बंद करायचं सुचलं नाही.

तशीच भाऊंकडं गेले. ते ओट्यावर चहा पीत होते. बस म्हणाले नाहीत.

"भाऊ, ही हजेरी होती."

"कंपनीच ऱ्हायली नसती, तर हजेरी कुठं लावली आसती? निम्म्याच्या नोकऱ्या वाचल्यात, ते बघ."

"मग तसं लोकांना सांगायचं होतं."

"लोकांना काय कळतंय? आन् तू मला शिकवाय आलीस व्हय? बापाला इचार, कुणाच्या जीवावर उभा हाय त्यो." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सह्या तू घेतल्यास. माझ्या हातचं एक अक्षर न्हाई त्यात."

खरंच नव्हतं. मी फाटकाबाहेर येऊन घराकडं निघाले.

पप्पा जेवत होते तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला.

"भाऊंनी कायतरी बघूनच केलं आसंल."

"पप्पा, तुमची चोवीस वर्षं गेली. परत आसामची लाइन येईल तुम्हाला."

"दौंडची लाइन त्यांनीच दिली व्हती."

"त्यांनी नाही दिली. तुम्ही गाडी चालवली चोवीस वर्षं."

पप्पांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुला त्यांनी नोकरी लावली, आन् तू त्यांच्याच दारात जाऊन भांडलीस?" त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. तसा राग नव्हता त्यांचा. लाज होती. बापाला माझी लाज वाटत होती आणि मला माझी.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून दौंडला गेले. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत वीस-पंचवीस जण होते. मी म्हटलं, समझोता वाचते, मराठीतून, पहिल्या पानापासून. वाचला. शेवटचं पान वाचल्यावर एक जण म्हणाला, "आन् ह्या सह्या कुणी न्हेल्या? पोस्टमन कोण व्हता?"

"मी," मी म्हटलं.

"शाल मिळाली व्हती न्हवं तुला."

"मिळाली होती."

आप्पा माझ्याकडं बघतच नव्हते. भिंतीकडं बघत म्हणाले, "मी इचारलं व्हतं तुला. कशाची म्हणून."

याच्याइतकं मला दुसरं काही लागलेलं नाही. भाऊंचंही नाही.

मी म्हटलं, "आप्पा, मलाच माहीत नव्हतं. पण मी भाऊंना खोदून विचारायला पाहिजे होतं, आणि विषय लिहिल्याशिवाय कागद फिरवायला नको होता. चूक माझी आहे. हे मी लिहून देणार आहे. ही सही हजेरीची होती एवढंच तुम्हीही लिहून द्या. बाकी मला काय म्हणायचं ते म्हणा."

आप्पा उठून बाहेर गेले. अर्ध्या तासानं आले आणि म्हणाले, "लिही. पर आधी वाचून दाखव."

कामगार खात्याच्या ऑफिसात आमची तक्रार उभी राहिली. पुण्याला जायला सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडवरून पहिली गाडी धरायचो. समोर नव्या कंपनीचे वकील, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत भाऊ. आमच्या बाजूला युनियनचा अध्यक्ष नव्हता. तो तिकडं बसला होता. एवढ्या वर्षांत वर्गणी भरलेली माणसं बाकावर चेपून बसली होती आणि त्याच्याकडं बघत होती. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मला वाटतं, शिवी द्यायला आतून काही शिल्लक लागतं.

वकील कामगार खात्याच्या साहेबांना म्हणाले, "कामगारांना इंग्रजी कळत नव्हतं, हे म्हणणं टिकत नाही. ही सही बघा. पदवीधर आहे. सह्या हिनंच गोळा केल्यात." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही बी.कॉम. आहात ना? मोठ्या अभिमानानं लिहिलंय."

माझी पदवी. आईनं कांदे काढून केलेली. ती आमच्याच लोकांच्या गळ्यावर ठेवली होती.

फाटकाबाहेर धूळ झटकणारी ती पोर क्षणभर माझ्यात उभी राहिली, आणि मला कळलं, की आता हसून चालायचं नाही. पप्पांसारखं नाही.

मी म्हटलं, "हो. बी.कॉम. आहे. इंग्रजी वाचता येतं. म्हणूनच सांगते, हा कागद सही करताना कोरा होता. वर तारखेशिवाय एक अक्षर नव्हतं. समझोता कुणाला दाखवला नाही, मलाही नाही. कोऱ्या कागदावर मी लोकांच्या सह्या घेतल्या. हा माझा गुन्हा आहे, तो माझ्या नावावर लिहा. पण या माणसांनी काही मान्य केलेलं नाही."

भाऊ खाली बघत होते. मोडका हात मांडीवर होता. मला वाईट वाटलं. आजही वाटतं. पण शब्द मागं घेतला नाही.

माझी नोकरी गेली. भाऊ अध्यक्षपदावरून गेले. तक्रार चालू असतानाच नव्या कंपनीनं माघार घेतली. सही हजेरीची होती असं ज्यांनी स्वतः लिहून दिलं, त्यांची मागची सेवा धरली गेली. दौंडच्या डेपोतल्या एकूण एक ड्रायव्हरची धरली. शिरूरच्या बहुतेकांची. आप्पा आता कुरकुंभच्या लाइनीवर असतात, संध्याकाळी घरी जातात. युनियनचं दप्तर माझ्याकडं आहे.

पप्पांची सेवा धरली नाही. त्यांनी लिहून दिलं नाही. "भाऊंच्या इरोधात माझी सही घावायची न्हाई," म्हणाले. छप्पन्नाव्या वर्षी नवीन भरती. गेल्या महिन्यात त्यांना गुवाहाटी लागली.

लिहून द्यायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. परवा पप्पा लाइनीवर असताना आई तो लिहून द्यायचा कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली.

"त्यांची सही तुला येती," ती म्हणाली. "शाळंच्या प्रगतिपुस्तकावर करायचीस की न्हाई तू? कर. त्यांचं गुडघं गेलंत. कुणाला कळतंय?"

आई आयुष्यात माझ्याकडं काही मागत नाही.

मी नाही म्हटलं. माणसांना न सांगता त्यांच्या सह्या एकदा माझ्या हातून वापरल्या गेल्या. पुन्हा जाणार नाहीत. पप्पा आले की तो कागद मी त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन. ते उठून गेले, तर परत आल्यावर पुन्हा वाचीन. सही ते करतील, नाहीतर सहीची जागा कोरी राहील.